‘रॉक अँड रोल’ची खतावणी

१९५४ ते १९५९ या सहा वर्षांत अमेरिकेत जी गाणी गाजली आणि ‘रॉक अँड रोल’ या नावाने जगभर पसरली, त्यांच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. कोणी त्यांत तरुण पिढीचे बंड पाहिले, कोणी वर्णभेदाच्या भिंतीला पडलेले भगदाड पाहिले, तर धर्मोपदेशकांना नीतिमत्तेचा अधःपात दिसला. ज्याचा जसा पिंड तशी त्याची मीमांसा. या साऱ्या मीमांसांत एक साधा, काहीसा रुक्ष प्रश्न मात्र बहुधा मागे पडतो. गाणे गाजले की पैसा निर्माण होतो. तो कोणाच्या खिशात गेला? प्रश्न रुक्ष असला तरी क्षुद्र खास नाही. ही गाणी ज्यांच्या गळ्यातून आणि बोटांतून निघाली त्यांच्यापैकी कित्येकांचे उत्तरायुष्य ओढगस्तीत गेले. ते काही केवळ दोन-चार लबाड व्यापाऱ्यांमुळे घडले असे नाही. मालमत्तेची जी व्यवस्था तेव्हा कायद्याने मान्य केलेली होती तिचाच तो स्वाभाविक परिणाम होता.

‘रॉक अराउंड द क्लॉक’ हे या युगातील पहिले जगप्रसिद्ध गाणे. बिल हेली आणि त्याचा ‘कॉमेट्स’ हा संच यांनी ते १२ एप्रिल १९५४ रोजी न्यूयॉर्क येथे डेक्का कंपनीसाठी ध्वनिमुद्रित केले. कंपनीला त्याचे विशेष कौतुक नव्हते. तबकडीची मुख्य बाजू ‘थर्टीन विमेन’ या दुसऱ्याच गाण्याला दिलेली होती आणि हे गाणे मागल्या बाजूवर टाकलेले होते. तबकडी बेताचीच खपली. पुढल्या वर्षी ‘ब्लॅकबोर्ड जंगल’ या चित्रपटाच्या श्रेयनामावलीवर हेच गाणे वाजवण्यात आले. (उद्दाम विद्यार्थी आणि हतबल शिक्षक हा त्या चित्रपटाचा विषय, शिक्षकी पेशातील वाचकांना तो सत्तर वर्षांनंतरही जुना वाटणार नाही!) जुलै १९५५ मध्ये गाणे ‘बिलबोर्ड’ साप्ताहिकाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर चढले आणि आठ आठवडे तेथे ठाण मांडून बसले.

त्या गाण्याच्या मध्यावर गिटारचा जो अतिद्रुत तुकडा येतो तो वाजवणारा डॅनी सेड्रोन हा संचाचा भागीदार नव्हता. सत्रापुरता बोलावलेला तो वादक. त्या सत्राचे त्याला २१ डॉलर मिळाले असे सांगतात. १७ जून १९५४ रोजी जिन्यावरून पडून तो मरण पावला; आपले वादन किती कोटी कानांपर्यंत जाणार आहे याची कल्पना त्याला आली नाही. तथापि तो जगला असता तरी त्याच्या मिळकतीत एका सेंटाचीही भर पडली नसती. उलट ‘थर्टीन विमेन’ हे गाणे, जे ऐकण्यासाठी म्हणून ती तबकडी पुढे क्वचितच कोणी विकत घेतली असेल, त्याच्या हक्कदारांना मात्र विकल्या गेलेल्या प्रत्येक प्रतीमागे मागल्या बाजूच्या गाण्याइतकेच स्वामित्वधन मिळण्याची तरतूद होती. तबकडीच्या दुसऱ्या बाजूवर आपले गाणे जावे म्हणून प्रकाशकांची जी धडपड चाले तिचे रहस्य हे होते.

दोन सेंटांचा कायदा

ही विसंगती उमजण्यासाठी १९०९ च्या अमेरिकी स्वामित्वहक्क कायद्यापाशी जावे लागते. त्या काळी यांत्रिक पियानोवर लावण्यासाठी छिद्रे पाडलेल्या कागदाच्या गुंडाळ्या विकल्या जात. त्या बनवणारी एओलियन ही बडी कंपनी संगीतप्रकाशकांशी करार करून सगळी गाणी स्वतःच्या मुठीत घेईल अशी भीती निर्माण झाली होती. म्हणून काँग्रेसने ठरवले की, हक्कदाराने एकदा का आपले गाणे यांत्रिक स्वरूपात बाजारात येऊ दिले की पुढे ते कोणीही मुद्रित करावे. त्यासाठी परवानगीची गरज नाही, दर प्रतीमागे दोन सेंट दिले की झाले. मक्तेदारीला आळा घालण्याचा हा हेतू स्तुत्यच म्हटला पाहिजे. हा दोन सेंटांचा दर १९७८ पर्यंत, म्हणजे जवळजवळ सत्तर वर्षे, तसाच राहिला.

आता गणित मांडून पाहू. दहा लक्ष प्रती खपल्या तर एका बाजूच्या गाण्याचे वीस हजार डॉलर होतात. रिवाजानुसार त्यांतील निम्मे प्रकाशकाचे आणि निम्मे गाणे रचणाऱ्याचे. गायकाचा या रकमेशी काही संबंध नाही. त्याला काय मिळायचे ते तबकडी काढणाऱ्या कंपनीशी झालेल्या कराराप्रमाणे. नभोवाणीवर गाणे लागले तर त्याचेही पैसे रचनाकाराला आणि प्रकाशकाला मिळतात, गायकाला नाहीत. अमेरिकेतील साध्या नभोवाणीच्या बाबतीत हा नियम त्या युगानंतरही टिकून राहिला. राहता राहिला तो आवाज, ती लकब, तो वाद्यमेळ, म्हणजे ज्यामुळे गाणे गाजते ते सर्व. त्याला केंद्रीय कायद्याच्या दृष्टीने मालकच नव्हता. तबकडीवरील प्रत्यक्ष ध्वनीला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याचे संरक्षण मिळाले ते १५ फेब्रुवारी १९७२ पासून, आणि तेही त्यानंतर मुद्रित होणाऱ्या ध्वनीला.

या पोकळीत ‘कव्हर’ नावाचा धंदा फोफावला. १९५४ मध्ये ‘कॉर्ड्‌स’ या कृष्णवर्णीय तरुणांच्या संचाने ‘शबूम’ हे गाणे एका छोट्या कंपनीसाठी म्हटले आणि ते गोऱ्या श्रोत्यांतही खपू लागले. लागलीच मर्क्युरी या बड्या कंपनीने ‘क्रू कट्स’ या गोऱ्या गायकांच्या संचाकडून तेच गाणे म्हणवून घेतले, आणि पहिला क्रमांक मिळाला तो या दुसऱ्या आवृत्तीला. लिटल रिचर्डने १४ सप्टेंबर १९५५ रोजी न्यू ऑर्लिन्स येथे ‘टुटी फ्रुटी’ मुद्रित केले. पॅट बून या सभ्य, गोऱ्यागोमट्या गायकाने त्याची सौम्य आवृत्ती काढली आणि सर्वसाधारण यादीत मूळ गायकाला मागे टाकले. येथे एक बारकावा ध्यानात घेतला पाहिजे. पॅट बूनच्या प्रत्येक प्रतीमागेही दोन सेंट निघत होतेच. रिचर्ड त्या गाण्याच्या रचनाकारांपैकी एक होता. प्रकाशनाचा हक्क त्याच्याकडे असता तर बूनच्या खपाने त्याचे नुकसान होण्याऐवजी त्याला उत्पन्नच मिळाले असते. पण तो हक्क त्याने अल्प किमतीत कंपनीला देऊन टाकला होता, आणि आपल्याला दर तबकडीमागे अर्धा सेंट मिळे असे तो पुढे आयुष्यभर सांगत आला. तेव्हा ‘कव्हर’ ही सरसकट चोरी होती, असे म्हणणे भावनेला पटले तरी हिशेबाला पटत नाही. चोरी, म्हणायचीच तर, त्याआधीच करारपत्रावरील सहीच्या क्षणी झालेली असे.

लाव्हर्न बेकर या गायिकेची तक्रार मात्र वेगळी आणि अधिक मूलगामी होती. तिचे ‘ट्वीडल डी’ हे गाणे जॉर्जिया गिब्ज हिने नुसते पुन्हा म्हटले नाही, तर त्याची वाद्यरचना आणि ढंगही जसाच्या तसा उचलला. बेकरने १९५५ मध्ये मिशिगनचे काँग्रेस-सदस्य चार्ल्स डिग्ज यांना पत्र लिहून वाद्यरचनेलाही कायद्याचे संरक्षण मिळावे अशी मागणी केली. ती निष्फळ ठरणार हे उघड होते, कारण पाचच वर्षांपूर्वी, १९५० मध्ये, ‘सुप्रीम’ या छोट्या कंपनीने डेक्काविरुद्ध अगदी अशाच कारणासाठी लावलेला दावा न्यायालयाने फेटाळला होता. बेकरविषयी एक किस्सा सांगतात. विमानप्रवासाला निघताना तिने विमा उतरवला आणि वारस म्हणून गिब्जचे नाव घातले. आपले काही बरेवाईट झाले तर त्या बिचारीने नक्कल कोणाची करायची?

दारे कोणी उघडली?

मग प्रश्न असा की, सारी व्यवस्था बड्यांना अनुकूल असताना ही गाणी मुळात बाहेर आली कशी? याचे उत्तर सुद्धा प्रतिभेपेक्षा बाजारात अधिक शोधावे लागते.

पहिले कारण आपल्या देशाशी निगडित आहे. ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्या ज्या शेलॅकपासून बनत ते म्हणजे आपल्या छोटा नागपूरकडील पळस, कुसुम, बोर या झाडांवर वाढणाऱ्या किड्यांची लाख. दुसऱ्या महायुद्धात ही आयात अडली आणि १९४२ मध्ये अमेरिकी शासनाने शेलॅकच्या वापरावर कडक नियंत्रण घातले. कच्चा माल तुटपुंजा झाला की कंपन्या हमखास खपणारा मालच काढतात. त्यांनी कृष्णवर्णीयांच्या ‘ब्लूज’ला आणि खेडवळ गोऱ्यांच्या गाण्यांना कात्री लावली. श्रोते होते, पैसेही होते, पण माल नव्हता. ही मोकळी जागा छोट्या कंपन्यांनी भरून काढली. शिकागोत पोलंडहून आलेले चेस बंधू, न्यूयॉर्कमध्ये तुर्की राजदूताचा मुलगा अहमत एर्तेगुन याने भागीदारीत काढलेली अटलांटिक, लॉस एंजेलिसमध्ये आर्ट रूप याची स्पेशालिटी, मेंफिसमध्ये सॅम फिलिप्सची सन. एकाहून एक फाटकी दुकाने! १९४९ मध्ये आरसीए व्हिक्टरने ४५ फेऱ्यांची छोटी, व्हिनाइलची तबकडी बाजारात आणली. ती हलकी होती, पडून फुटत नसे, टपालाने स्वस्तात धाडता येई. बड्या कंपनीने काढलेल्या या वस्तूचा खरा फायदा झाला तो या छोट्यांना. १९५४ च्या अखेरीस ४९.९५ डॉलर किमतीचा पहिला ट्रान्झिस्टर रेडिओ आला आणि दिवाणखान्यातल्या वडिलांच्या रेडिओपासून मुलांची सुटका झाली.

दुसरे कारण संस्थात्मक आहे. गीतकार-संगीतकारांच्या वतीने नभोवाणीकडून पैसे वसूल करणारी ‘ॲस्कॅप’ ही १९१४ ची जुनी संघटना. तिचा रोख न्यूयॉर्कच्या नाट्यगृहांतील आणि चित्रपटांतील प्रतिष्ठित रचनाकारांकडे होता. ब्लूजवाल्यांना तेथे जवळजवळ प्रवेशच नव्हता. तिने दर वाढवण्याचा आग्रह धरला तेव्हा नभोवाणीच्या मालकांनी १९३९ मध्ये ‘बीएमआय’ ही प्रतिस्पर्धी संस्था उभारली आणि १९४१ मधील सुमारे दहा महिने ॲस्कॅपची गाणी वाजवलीच नाहीत. नव्या संस्थेला नवी गाणी हवी होती. ती तिने, ज्यांना आजवर कोणी विचारले नव्हते अशांकडून घेतली. पुढे १९५३ मध्ये ॲस्कॅपच्या ३३ संगीतकारांनी बीएमआय आणि प्रक्षेपण कंपन्या यांच्यावर १५ कोटी डॉलरच्या नुकसानभरपाईचा दावा लावला. ‘अभिरुची बिघडली’ अशी जी ओरड त्या काळात झाली तिच्यामागे हा दावा उभा होता हे विसरता कामा नये. सौंदर्यशास्त्राच्या भाषेत पुष्कळदा हिश्शाचे भांडण चालते!

आपल्याकडेही एक दार बंद झाल्याने दुसरे उघडल्याचा अनुभव त्याच दशकात आला. नभोवाणीमंत्री बाळकृष्ण केसकर यांच्या धोरणामुळे १९५२ नंतर आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली, आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. त्याच वर्षाच्या अखेरीस सुरू झालेल्या ‘बिनाका गीतमाला’ने गाण्यांना क्रमांक देण्याची जी सवय लावली ती घराघरांत रुजली. अर्थात केसकरांचा हेतू शास्त्रीय संगीताच्या संवर्धनाचा होता, दर वाढवून घेण्याचा नव्हता, एवढा फरक मान्य केला पाहिजे.

भाडेकरूने बांधलेले घर

या छोट्या कंपन्यांना शोषक म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु त्यांची अडचण वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला चटकन समजेल. तबकड्या दाबून देणारा कारखाना रोख पैसे मागे. घाऊक विक्रेते महिनोन्‌महिने देणे लांबवत आणि न खपलेला माल परत पाठवत. म्हणजे एखादे गाणे खरोखर गाजले तर खेळत्या भांडवलाअभावी कंपनी बुडण्याचा धोका अधिक! बहुतेक तबकड्या तर पडतच. दहा पडलेल्यांचा खर्च एका गाजलेल्या तबकडीवर निघायचा. गायकाला कमी दर देण्याचे समर्थन येथवर करता येईल.

परंतु खतावणीतली पुढची पाने उलटली की हे समर्थन लंगडे पडते. रूथ ब्राऊन ही अटलांटिकची १९५० च्या सुमाराची सर्वांत यशस्वी गायिका. ती कंपनी म्हणजे रूथने बांधलेले घर, असेच लोक म्हणत. पुढे याच रूथ ब्राऊनला घरकाम करून, शाळेची बस चालवून चरितार्थ चालवावा लागला. स्वामित्वधनाची चौकशी केली तर कंपनीच्या वहीत तिच्याच नावे देणे निघे. कारण असे की, स्टुडिओचे भाडे, वादकांची मजुरी, उचल, हे सर्व गायिकेच्या तुटपुंज्या टक्केवारीतून वळते केले जाई. शंभरातले पंच्याण्णव कंपनीचे आणि उरलेल्या पाचांतून साऱ्या निर्मितीचा खर्च. तो फिटला तरी मूळ मुद्रणाची मालकी कंपनीचीच. भाडेकरूने स्वखर्चाने घर बांधावे आणि ते मालकाच्या नावावर चढावे, असा हा प्रकार. हॉवेल बेगल नावाच्या वकिलाच्या साहाय्याने तिने अनेक वर्षे हे प्रकरण लावून धरले, आणि अखेर १९८८ मध्ये अटलांटिकने तिच्यासह अनेक जुन्या कलावंतांची ती कागदी कर्जे रद्द करून थकलेले स्वामित्वधन दिले. त्यातूनच ‘ऱ्हिदम अँड ब्लूज फाउंडेशन’ ही साहाय्यसंस्था निघाली. जोखमीमुळे दर कमी राहतो हे अर्थशास्त्र झाले. पण जी कर्जे अशी वहीतून खोडून टाकता येतात ती चाळीस वर्षे वहीत का राहिली, याचे उत्तर अर्थशास्त्रात नाही.

‘हाउंड डॉग’ची कथा तर सर्वश्रुत आहे. जेरी लीबर आणि माइक स्टोलर या दोन कोवळ्या गोऱ्या मुलांनी ते बिग ममा थॉर्नटन या दांडग्या आवाजाच्या गायिकेसाठी रचले. ऑगस्ट १९५२ मध्ये मुद्रित झालेले हे गाणे १९५३ मध्ये कृष्णवर्णीयांच्या यादीत सात आठवडे अग्रभागी राहिले. थॉर्नटनच्या सांगण्याप्रमाणे तिला त्याचे एकूण ५०० डॉलर मिळाले. ह्यूस्टनचा कंपनीमालक डॉन रोबी याने रचनाकारांना दिलेला १२०० डॉलरचा धनादेश वटलाच नाही, असे ते दोघे सांगत. रोबी स्वतः कृष्णवर्णीय होता, हेही नोंदवून ठेवावे. खतावणीला रंग नसतो. १९५६ मध्ये एल्व्हिस प्रेस्लीने ते गाणे म्हटले, तेव्हा लीबर-स्टोलरचे नशीब उघडले, कारण ते रचनाकार होते. थॉर्नटनला त्यातून काही मिळाले नाही, कारण ती केवळ गायिका होती.

लाच की किंमत?

आता त्या काळच्या सर्वांत गाजलेल्या प्रकरणाकडे, म्हणजे ‘पेओला’कडे वळू. तबकडी वाजवण्यासाठी नभोवाणीच्या निवेदकाला चोरून पैसे द्यायचे, याला हे नाव. चक बेरीचे पहिले गाणे ‘मेबेलीन’ मे १९५५ मध्ये चेस कंपनीने मुद्रित केले. तबकडी बाजारात आली तेव्हा रचनाकार म्हणून बेरीबरोबर आणखी दोन नावे छापलेली होती. एक रस फ्राटो नावाच्या, चेस बंधूंच्या ओळखीतल्या व्यावसायिकाचे आणि दुसरे ॲलन फ्रीड याचे. फ्रीड हा न्यूयॉर्कमधील सर्वांत प्रभावी निवेदक. ‘रॉक अँड रोल’ हे नाव रूढ केले त्याचे श्रेय मुख्यत्वे त्यालाच जाते. त्याने गाण्यातला एक शब्दही रचलेला नव्हता. पण नाव छापले गेल्याने दोन सेंटांतला हिस्सा त्याला मिळू लागला, आणि ते गाणे वारंवार वाजवण्यात त्याचे हित उत्पन्न झाले. रोख लाच एकदाच द्यावी लागते. ही लाच गाण्याच्या आयुष्याइतकी टिकणारी, आणि तीही कंपनीच्या नव्हे, रचनाकाराच्या खिशातून दिलेली. १९८६ मध्ये ती नावे निघाली आणि गाणे पूर्णतः बेरीचे झाले. तीस वर्षांहून अधिक काळ गेला होता.

१९५९-६० मध्ये काँग्रेसच्या उपसमितीने चौकशी आरंभली. फ्रीडची नोकरी गेली. १९६२ मध्ये त्याने गुन्हा कबूल केला, त्याला ३०० डॉलर दंड झाला आणि १९६५ च्या जानेवारीत, वयाच्या ४३ व्या वर्षी, तो मरण पावला. पेओलाविरुद्ध १९६० मध्ये कायदाही झाला. या सर्व प्रकरणाचा अर्थशास्त्रीय विचार रोनाल्ड कोस यांनी १९७९ च्या एका प्रदीर्घ लेखात केला. पुढे १९९१ मध्ये नोबेल पारितोषिक मिळालेल्या कोस यांचे म्हणणे थोडक्यात असे की, प्रक्षेपणाची वेळ ही दुर्मीळ वस्तू आहे आणि दुर्मीळ वस्तूला किंमत येणारच. ती उघडपणे घेऊ दिली नाही तर आडमार्गाने घेतली जाईल. तिच्यावर बंदी घातली की ज्यांच्याकडे विक्रीयंत्रणा आणि नामवंत गायक आधीच आहेत त्या बड्यांचाच फायदा होतो. पैसे देऊन का होईना, दार ठोठावण्याची सोय छोट्यांना उरत नाही.

हा युक्तिवाद बिनतोड नसला तरी झटकून टाकण्यासारखा नाही. बंदीसाठी सर्वांत मोठा आवाज करणाऱ्यांत ॲस्कॅप होती, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे. मात्र कोस यांच्या मांडणीत एक माणूस दिसत नाही, आणि तो म्हणजे चक बेरी. कंपनी आणि निवेदक यांच्यातील सौद्याला ‘किंमत’ म्हणता येईल. पण ती किंमत ज्याच्या मालमत्तेतून चुकवली गेली त्याला सौद्याची वार्ताही नव्हती. संमतीवाचून झालेल्या व्यवहाराला बाजार हा शब्द लावायचा असेल तर अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाचे क्रमिक पुस्तक बदलावे लागेल.

एकाचे पीक

सन कंपनीच्या सॅम फिलिप्सने एल्व्हिस प्रेस्लीचा करार नोव्हेंबर १९५५ मध्ये आरसीए व्हिक्टरला ३५,००० डॉलरला विकला. आज ही रक्कम हास्यास्पद वाटते, पण फिलिप्सला कर्जे फेडायची होती आणि पुढल्या तबकड्या काढायला रोकड हवी होती. वर सांगितलेले खेळत्या भांडवलाचे संकट ते हेच. पुढल्याच वर्षी ‘हार्टब्रेक हॉटेल’ आणि त्यामागोमाग एकाच तबकडीच्या दोन बाजूंवरील ‘हाउंड डॉग’ व ‘डोन्ट बी क्रुएल’ यांनी इतिहास घडवला. ही दुसरी तबकडी अकरा आठवडे अग्रस्थानी राहिली. ‘डोन्ट बी क्रुएल’ रचले ओटिस ब्लॅकवेल या कृष्णवर्णीय रचनाकाराने. प्रेस्लीने गावे म्हणून त्याने रचनाकाराचा निम्मा हिस्सा प्रेस्लीच्या नावे करून दिला. वरचे गणित पुन्हा मांडले तर वीस हजारांतले पाच हजार ब्लॅकवेलच्या वाट्याला. प्रेस्लीने न गायलेल्या गाण्याचे पूर्ण दहा घ्यावेत की गायलेल्याचे पाच, असा तो व्यवहार होता. ब्लॅकवेलने पाच निवडले आणि तो शहाणपणाचाच निर्णय होता. सौदा रास्त होता असे मात्र त्यावरून सिद्ध होत नाही.

आल्फ्रेड मार्शल यांनी आपल्या ग्रंथात मिसेस बिलिंग्टन या गायिकेचे उदाहरण घेऊन म्हटले होते की, मानवी आवाज मर्यादित लोकांपर्यंतच पोचत असल्याने गायकाच्या मिळकतीला मर्यादा राहणार. तबकडीने ती मर्यादा मोडली. शर्विन रोझेन यांनी १९८१ मध्ये याच धाग्यावरून दाखवून दिले की, एकच आवाज अल्प खर्चात कोट्यवधींपर्यंत नेता येऊ लागला की गुणांतील थोड्याशा फरकाचे रूपांतर मिळकतीतील प्रचंड तफावतीत होते. प्रेस्ली हे याचे ठळक उदाहरण. त्याच्या पहिल्या तबकडीवरील ‘दॅट्स ऑल राइट’ हे गाणे मुळात आर्थर क्रडप या ब्लूज-गायकाने १९४६ मध्ये मुद्रित केलेले. प्रेस्लीने क्रडपचे ऋण जाहीरपणे मान्य केले होते. पण क्रडपच्या गाण्यांचे हक्क त्याच्या व्यवस्थापकाकडे गेले होते, आणि १९७४ मध्ये तो वारला तेव्हाही आपल्या हक्काचे पैसे त्याच्या हाती पडलेले नव्हते.

काहींना न्यायालयातही मुदत आडवी आली. ‘व्हाय डू फूल्स फॉल इन लव्ह’ हे १९५६ चे गाणे फ्रँकी लायमन या तेरा वर्षांच्या मुलाच्या आवाजात गाजले. लायमन १९६८ मध्ये, पंचविशीत, मरण पावला. संचातील दोन साथीदारांनी आपणच खरे रचनाकार असल्याचा दावा लावला, १९९२ मध्ये ज्यूरीने तो मान्यही केला. पण १९९६ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने दाव्याची मुदत केव्हाच संपून गेल्याचे सांगून तो निकाल फिरवला. १९७२ पूर्वीच्या मुद्रणांना इंटरनेटवरील प्रक्षेपणाचे पैसे देण्याची तरतूद केंद्रीय कायद्यात झाली ती २०१८ मध्ये. तोवर त्या पिढीतले बहुतेक कलावंत दिवंगत झाले होते. लिटल रिचर्ड मे २०२० मध्ये गेला.

मुंबईची शाखा

या खतावणीची एक शाखा मुंबईतही निघते. १९५७ च्या ‘आशा’ चित्रपटातील ‘ईना मीना डीका’ या गाण्याने रॉक अँड रोलचा ठेका हिंदी चित्रपटात खऱ्या अर्थाने आणला. किशोरकुमार आणि आशा भोसले या दोघांच्या आवाजांत ते स्वतंत्रपणे मुद्रित झाले. संगीतदिग्दर्शक सी. रामचंद्र, म्हणजे नगर जिल्ह्यातील पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर. मराठी घरात वाढलेल्या या माणसाला तो ठेका इतका सहज साधला, याचे एक कारण त्यांच्या वाद्यवृंदात बसलेले गोव्याचे वादक. हॉटेलांतून जॅझ वाजवणारे हे लोक स्वरलिपी वाचू शकत, ट्रम्पेट-सॅक्सोफोनवर त्यांचा हात बसलेला होता. चिक चॉकलेट या नावाने वावरणारे आंतोनियो झेवियर वाझ त्यांपैकी प्रसिद्ध. शंकर-जयकिशन यांच्याकडे सेबॅस्टियन डिसूझा यांनी दोन दशके वाद्यरचना सांभाळली. ‘गुमनाम’ (१९६५) मधील ‘जान पहचान हो’ हे त्यांचे गाणे २००१ मध्ये ‘घोस्ट वर्ल्ड’ या अमेरिकी चित्रपटाच्या आरंभी वाजले, आणि अमेरिकेतून निघालेला ठेका फिरून अमेरिकेत पोचला.

येथेही प्रश्न तोच होता, आणि उत्तर अधिकच कठोर. अमेरिकेत निदान रचनाकाराला दोन सेंट होते. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये, इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीच्या खटल्यात, निर्मात्याने मोबदला देऊन करवून घेतलेल्या संगीताचा पहिला मालक निर्माताच, असा निर्वाळा दिला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी निकालाला जोडलेल्या आपल्या टिपणात गायकाला कायद्यात काहीच स्थान नसल्याची खंत व्यक्त केली होती. गायकांच्या स्वामित्वधनाचा आग्रह लता मंगेशकरांनी साठीच्या दशकाच्या आरंभीच धरला होता आणि महंमद रफींना तो मान्य नव्हता. एकदा मानधन घेतले की गायकाचा हक्क संपला, अशी त्यांची भूमिका. त्यापायी दोघे काही वर्षे एकत्र गायले नाहीत. रसिकांनी हे दोन मोठ्या कलावंतांचे रुसवेफुगवे म्हणून पाहिले. प्रत्यक्षात तो मालमत्तेच्या व्याख्येचा वाद होता, आणि लताबाईंची बाजू कायद्याला पटायला अर्धे शतक लागले. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार व संगीतकार यांना चित्रपटगृहाबाहेरील वापराच्या उत्पन्नात समान वाटा मिळाला, आणि तो त्यांना सहीनिशी सोडूनही देता येणार नाही अशी तरतूद झाली. ‘मेबेलीन’ आणि ‘टुटी फ्रुटी’ यांचे करार ज्याने वाचले आहेत त्याला या शेवटच्या कलमाचे मोल सांगावे लागणार नाही. गायकांच्या हक्कालाही त्याच दुरुस्तीने आधार दिला.

स्टुडिओतील वादकाचा हिशेब मात्र त्या काळी पाळी संपताच संपत असे. ७८ फेऱ्यांच्या तबकडीवरील गोल कागदावर चित्रपटाचे नाव असे, गायकाचे असे, संगीतदिग्दर्शकाचे असे. ट्रम्पेट कोणी वाजवला, हे त्यावर छापण्याची पद्धत नव्हती.